साळवे सरांचं ऐकणं

सिरसाळ्यात साळवे सरांच्या घरी फोन कोनाड्यात राहायचा. दारातून आत गेलं की डाव्या हाताला, छातीएवढ्या उंचीवर एक कोनाडा होता. त्यात चार्जर, चष्म्याचं घर आणि फोन. जवळ खुर्ची नाही, स्टूल नाही, टेकून उभं राहावं तर दाराची कडी पाठीत टोचायची. फोन वाजला की सर उठून तिथे जायचे, उभ्यानेच बोलायचे, ठेवायचे आणि परत यायचे. मी एकदा विचारलं, "सर, हा मोबाईल आहे. हलता फोन. त्याला असा एका जागी का बसवून ठेवलाय?"

सर म्हणाले, "हलतो म्हनून तर. त्यो हलला की मी बसतो, आन मी बसलो की उठत न्हाई. त्यापरीस त्याला बसवला. आता मी हलतो."

सर आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मी मराठी शिकवतो, अजूनही शिकवतो. माझ्याहून ते दहा-बारा वर्षांनी मोठे, आणि फोनच्या बाबतीत माझ्याहून बरेच शहाणे. माझं काय सांगावं? मी सकाळी डोळे उघडायच्या आधी हात उशीखाली घालतो. संडासात फोन घेऊन जातो आणि पाय बधिर झाले की बाहेर येतो. बायको काही बोलली की 'हां' म्हणतो. अशा एका 'हां'मुळे माझे सासू-सासरे आमच्याकडे महिनाभर राहायला आले होते आणि ते दारात उतरेपर्यंत मला पत्ता नव्हता. मी किती ग्रुपमध्ये आहे हे मला माहीत नाही. त्यातल्या एका ग्रुपचं नाव 'मोबाईलचे दुष्परिणाम' असं आहे आणि तिथे मी सगळ्यात जास्त लिहितो.

सर यावर कधी भाषण द्यायचे नाहीत. त्यांचा एकच प्रश्न असायचा. बोलता बोलता समोरच्याने खिशातून फोन काढला की सर थांबायचे आणि विचारायचे, "समोर कोन हाय?" बस, एवढंच. माणूस गडबडून म्हणायचा, "तुम्ही, सर." मग सर जिथे थांबले होते त्याच शब्दापासून पुढे बोलायला लागायचे.

एकदा मी कुटुंबाला घेऊन लिंबागणेशला दर्शनाला गेलो. दुसऱ्या दिवशी शाळेत फुशारकी मारत होतो की दर्शन किती छान झालं. सरांनी विचारलं, "मूर्ती कशी हाय? सोंड कुनीकडं वळलीया?" मला काही आठवेना. मी खिशातून फोन काढला आणि फोटो बघायला लागलो. पन्नासेक फोटो होते. सगळ्यांत पुढे माझं तोंड होतं आणि गणपतीची सोंड जिथे असायला हवी तिथे माझा कान होता. शेजारी बसलेले आमचे उर्दूचे शेख सर म्हणाले, "जाधव सर, बाप्पाने तुमचं दर्शन घेतलं म्हणायचं."

यावरून कोणाला वाटेल की साळवे सर जन्मजात विरक्त होते, तर तसं नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत लेकीने त्यांना पहिला मोठा फोन घेऊन दिला, तेव्हा सर चांगलेच वाहवत गेले होते. त्यांना नाद लागला गालिचे धुण्याच्या व्हिडिओंचा. कुठल्या तरी देशात कोणीतरी चिखलाने माखलेला गालिचा पसरतो, त्यावर पाण्याचा फवारा मारतो, फेस करतो, काळं पाणी ढकलत नेतो आणि खालून लाल-निळी नक्षी वर येते. सर हे तासन्‌तास बघायचे. घरात गालिचा नव्हता, तो कधी घ्यायचा विचारही नव्हता. "पन जाधव, ती नक्षी वर येईस्तोवर डोळा हालत न्हाई बगा," असं ते मला स्वतः म्हणालेत. शेवटी एका रविवारी विमलवहिनींनी घरातल्या सगळ्या गोधड्या आणून त्यांच्या पुढ्यात टाकल्या आणि म्हणाल्या, "येवढं शिक्षान झालंय, तर आता परीक्षा द्या." सरांनी हौदावर बसून गोधड्या धुतल्या. ओली गोधडी उचलताना कंबर धरली. चार दिवस आडवे होते. उठले ते गवंड्याला बोलावून त्यांनी तो कोनाडा करून घेतला.

पण फोनवर त्यांनी राग धरला नाही. वर्गात तो काढून ते पोरांना वरून घेतलेला नकाशा दाखवायचे. प्रत्येक पोराला आपल्या घराचं पत्र्याचं छप्पर शोधायला लावायचे, तिथून बोट सरकवत परळीच्या विजेच्या कारखान्याच्या चिमण्यांपर्यंत न्यायचे, आणि मग सगळ्या वर्गाला बाहेर मैदानावर नेऊन त्या दिशेला तोंड करून उभं करायचे. पोरं टाचा उंच करून बघायची. रेल्वेची तिकिटं, वीजबिल, लेकीशी व्हिडिओवरचं बोलणं, सगळं सर फोनवर करायचे. उभ्याने.

सर निवृत्त झाले तरी शाळा सुटायच्या वेळी स्टँडजवळच्या बापूच्या हॉटेलात येत राहिले. हॉटेल म्हणजे दोन बाकं, एक टेबल आणि चहाची भट्टी. समोरून विजेच्या कारखान्याच्या राखेचे ट्रक जायचे, चहावर बारीक पावडर बसायची. आम्ही तिघं, सर, शेख सर आणि मी, तासभर बोलायचो. खरं तर ते दोघं बोलायचे आणि मी मधून मधून टेबलाखाली बघायचो.

दोनेक वर्षांपूर्वी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझ्या म्हणजे, टेबलाखाली बघणाऱ्या माणसाच्या लक्षात यावी इतकी ती उघड होती. सर हॉटेलात येताना फोन घेऊन यायला लागले. आले की फोन टेबलावर ठेवायचे आणि नजर त्याच्यावर. आम्ही बोलतोय आणि सर फोनमध्ये बघतायत. मान वर करायचे, एखादा शब्द बोलायचे, परत खाली. त्यांच्याच तोंडून 'समोर कोन हाय' ऐकत आलेले आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. शेख सरांना वाईट वाटलं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हातारपणी अकेलापन येतो, जाधव सर. काही बोलू नका." मला मात्र, खोटं कशाला सांगू, मनातून उकळ्या फुटत होत्या. इतकी वर्षं हा माणूस एका प्रश्नाने माझी लाज काढत होता आणि आता तोच आमच्या पंगतीला येऊन बसला होता. मला एवढा आनंद माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

आठवडाभर मी दम धरला. मग एका संध्याकाळी सर खाली मान घालून बसलेले असताना मी सुरू झालो. आणि बोलायला लागलो की माझं वर्गातलं मराठी वर्गातच राहतं. "काय सर, आमाला लई शिकवलं. समोर कोन हाय म्हून इचारत व्हता. आन आता तुमीच आमच्याकडं बघंना गेलात. कावून? आमी काय मेलो का?"

बापूने भट्टीवरून मान वळवली. शेख सरांनी माझा हात दाबला. सर फोनकडे बघत होते. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून हळूहळू हसू यायला लागलं. म्हणाले, "जाधव, जरा सावकाश बोला. तुमचं लई चुकायलंय." आणि त्यांनी फोन माझ्याकडे फिरवला.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'काय सर आम्हाला लाईट शिकवलं समोर कोण हाय मून विचारत होता आणि आता तुम्हीच आमच्याकडं बंगला गेलात का ऊन आम्ही काय मेलो का'.

मी ते वाचलं. परत वाचलं. बरोबर उतरलेलं असं एकच वाक्य होतं, शेवटचं.

सरांचे कान गेले होते. एकदम नव्हे, वर्षभरात. पहिल्यांदा शंका आली ती विमलवहिनींना. रविवारी विहारात वंदनेला सरांचा आवाज नेहमी सगळ्यांच्या पुढे असायचा, भरदार आणि सुरात. तो आता फार मोठा लागायला लागला आणि बाकीच्यांच्या अर्धा शब्द आधी संपायला लागला. पाठ असल्यामुळे ते म्हणत होते, पण इतरांचं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की नसा गेल्यात. कानात घालायचं यंत्रही आणलं. "त्यानं आवाज येतोय," सर म्हणाले, "सबूद येत न्हाई. शेजारच्या घरात भांडी पडल्यावानी." शेवटी लेकीने बोललेलं लिहून दाखवणारं हे अ‍ॅप फोनमध्ये घालून दिलं. आम्ही जे बोलू ते खाली उमटायचं आणि सर वाचायचे. इतके दिवस ते फोनमध्ये बघत नव्हते, आम्हाला ऐकत होते. मी ज्याला नाद म्हणत होतो त्यात माझाच आवाज होता.

"सांगितलं का नाही?" मी विचारलं. पडद्यावर हेही उमटलं. सर म्हणाले, "सांगितलं असतं तर तुमी वरडून बोलला असता. मला वरडलेलं बी ऐकू येत न्हाई."

त्या दिवसापासून बापूच्या हॉटेलात शुद्ध मराठीचं राज्य आलं. त्या अ‍ॅपला पुस्तकी मराठी नीट कळायची आणि आमची बोली आली की तिचा भलताच अर्थ लागायचा. 'न्हाई' म्हटलं की ते 'न्हावी' लिहायचं. 'मी परळीला गेलतो' म्हटलं की 'मी परळीला जेल तो'. मग शेख सर ताठ बसून म्हणायचे, "आज हवामान अत्यंत उष्ण आहे." मी म्हणायचो, "होय, तापमानात लक्षणीय वाढ झालेली आहे." बापूने एकदा घाबरून विचारलं, "कुनी साहेब-बिहेब तपासनीला येनार हाय का?" आणि माझी तर पुरती शोभा झाली. वर्गात पोरांचं 'न्हाई' पुसून 'नाही' लिहायला लावणारा मी मराठीचा मास्तर, सलग चार शुद्ध वाक्यं बोललो की पाचव्याला घसरायचो आणि सरांच्या पडद्यावर न्हावी यायचा. सर मिश्कील हसून म्हणायचे, "जाधव, दाढी करून आलात काय?"

दोघं एकदम बोललो तर खिचडी व्हायची, म्हणून एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने थांबायचं ठरलं. कोणाच्या फोनमध्ये व्हिडिओ वाजला तर तोही उमटायचा, म्हणून फोन बंद करून खिशात. मला हे फार जड गेलं. मी लघवीच्या निमित्ताने हॉटेलच्या मागे जाऊन ग्रुप बघून यायचो. इतक्यांदा जायचो की शेख सरांनी मला साखर तपासून घ्यायचा सल्ला दिला.

एका रविवारी सरांच्या घरी गेलो. सर बाहेरच्या खोलीत बसले होते, फोन मांडीवर. वहिनी आतून चहा घेऊन आल्या, कप ठेवला आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. हे घर मला माहीत होतं. वहिनींचं बोलणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचं. सर ऐकत असायचे आणि मधूनच एखादा खोडसाळ शब्द टाकून त्यांना आणखी पेटवायचे. आता आत भांडीही हळू वाजत होती. मी कप ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो आणि विचारलं, "वहिनी, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीया," त्या म्हणाल्या. मग चुलीला सांगावं तसं खाली बघत बोलायला लागल्या. "परवा म्हनलं, घरात साखर न्हाई. तर त्या डबड्यात बघून हसायला लागले. म्हनले, साखर न्हावी म्हंजे काय? माझ्या बोलन्याला हसत्यात, भाऊजी. मी चौथी शिकलेली. लगीन होऊन आले तवा ह्यांनी कदी माझं बोलनं सुदारलं न्हाई. शाळंत पोरांचं सुदारायचे, घरात माझं आयकायचे. आता ते मिशिन माझं बोलनं सुदारायलंय. मी हिकडं बोलते आन ते तिकडं बघत्यात. त्यांचे कान गेले, म्हातारपनी जात्यात लोकांचे. पन माझं तोंड बी गेलं की हो."

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसला असता. मी उपाय काढला. मला वाटलं, या अ‍ॅपला वहिनींचे शब्द शिकवून टाकावेत. मी सरांचा फोन आणून वहिनींसमोर बसलो, कुठल्या कुठल्या बटणांत शिरलो आणि म्हणालो, "वहिनी, म्हणा, न्हाई." त्या म्हणाल्या, "न्हाई." 'न्हावी.' "परत म्हणा." "न्हाई." 'न्हावी.' "जरा स्पष्ट." "न्हाई, न्हाई, न्हाई!" पडद्यावर न्हाव्यांची रांग लागली. त्यानंतर मी कुठलं तरी बटण दाबलं आणि सगळं अ‍ॅप गुजरातीत गेलं. वहिनी उठल्या, विळी घेऊन कांदा चिरायला बसल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी घरी जावा."

ते गुजराती काढायला मला बराच वेळ लागला. सर बाहेरून बघत होते. त्यांना यातलं काही पोचलं नव्हतं, फक्त वहिनींचा चेहरा दिसत होता. त्यांनी विचारलं, "काय झालं? ती काय म्हनली?"

आता मला बोलणं भाग होतं. मी फोन त्यांच्या हातात दिला, जवळ वाकलो आणि एकेक शब्द सुटा करून, आयुष्यात कधी बोललो नव्हतो इतक्या शुद्ध मराठीत म्हणालो, "वहिनी म्हणतात, तुमचे कान गेले त्याचं दुःख आहेच. पण त्याबरोबर त्यांचं तोंडही गेलं."

अ‍ॅपने एकही चूक केली नाही. सर ते वाचत राहिले. पडद्यावर दुसरं काही उमटायला नव्हतं, त्यामुळे ते वाक्य तसंच राहिलं. मग त्यांनी फोन पालथा ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले, भिंतीला टेकवलेला पाट ओढून वहिनींच्या विळीसमोर बसले. इतके जवळ की कांद्याने त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं असावं. म्हणाले, "इमल, बोल."

वहिनी कांदा चिरत राहिल्या.

"हासलो ते चुकलं. बोल. मी तोंडाकडं बघतो."

वहिनी काहीतरी पुटपुटल्या. सर म्हणाले, "कळालं न्हाई. परत." त्या परत बोलल्या. "परत." तिसऱ्यांदा वहिनींनी विळी आडवी केली, मान वर केली आणि असं काही सुनावलं की मला बाहेर ऐकू आलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. सरांनी कपाळाला आठ्या घालून त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्यातला 'म्हातारा' तेवढा कळाला." मी चपला घातल्या आणि निघालो.

पुढे ते कसे शिकले ते मला सांगता येणार नाही, कारण ते त्या दोघांतलं होतं. बाहेर फोन आणि घरात वहिनींचं तोंड, एवढं ठरलं होतं हे कळत होतं. मी गेलो की सर अंगणात बसलेले असायचे, समोर वहिनी शेंगा फोडत, आणि सर एकटक त्यांच्याकडे बघत. पुष्कळदा चुकायचे. वहिनी 'कांदा' म्हणाल्या की सर उठून 'चांदा' कुठे म्हणून विचारायचे. त्यावरून भांडण व्हायचं आणि भांडणातले शब्द सरांना लवकर ओळखू यायला लागले, कारण ते जुने होते. मीही हे घरी करून बघायचं ठरवलं. एका दुपारी फोन पालथा ठेवला आणि बायकोसमोर बसून तिच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागलो. ती म्हणाली, "काय झालं? कुनाकडून पैसे आनलेत का?"

गेल्या वर्षी लेकीने दोघांना हैदराबादला बोलावून घेतलं. कायमचंच. शेख सर आणि मी परळीच्या स्टेशनवर सोडायला गेलो होतो. सामान फार नव्हतं. सरांच्या हातात फोन होता, त्यात स्टेशनवरच्या घोषणा उमटत होत्या, आणि त्यात एकही चूक नव्हती. सर म्हणाले, "बघा जाधव, ह्याला सरकारी बोलनं तेवढं झकास कळतंय." नव्या गावाची वहिनींना धास्ती होती. तिकडे बाजारात कोणाशी काय बोलायचं, असं त्या मला दोनदा म्हणाल्या होत्या. सरांनी ते त्यांच्या तोंडावरून वाचलं होतं की काय कोण जाणे. ते म्हणाले, "इमल, तिकडं तेलुगू हाय. तिथं गेल्यावर तू बी माझ्यावानीच बहिरी. मंग कळंल."

वहिनी हसल्या नाहीत, पण त्यांनी सरांच्या शर्टाच्या बाहीवरची राख झटकली.

गाडी आली. दोघं खिडकीशी बसले, सर खिडकीजवळ, वहिनी पलीकडे. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. इतक्या वर्षांत टेबलाखाली बघण्यात जे राहून गेलं ते सगळं. पण मराठीच्या मास्तराला त्यातलं एक वाक्य सुचेना. गाडी हलली आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, पोचल्यावर फोन करा!"

शेख सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. सरांनी मान खाली करून पडद्यावरचं वाचलं. मग फोन उचलून खिडकीच्या गजांना लावला, पडदा माझ्याकडे, मला दिसावा म्हणून. त्यावर माझं वाक्य उमटलं होतं, तेवढं 'पोचल्यावर'चं 'पोहोचल्यावर' करून. मी गाडीबरोबर चालायला लागलो.

पलीकडून वहिनी मोठ्याने म्हणाल्या, "फोन मी करते, भाऊजी! पन तुमी त्यातनं मुंडकं काढून उचलनार कवा?"

पडदा माझ्याकडे होता. सर वहिनींच्या तोंडाकडे बघत होते. ते हसले, आणि अगदी बरोबर जागी हसले.